वावरानं गिळलेली पहार

कुंदा पाहिलेल्या माणसानं हात वर करावा, असं मी शहरातल्या एखाद्या सभेत म्हटलं तर एकही हात वर होणार नाही. आमच्या मंगरूळकडच्या कोणत्याही पारावर म्हटलं, तर बसलेली सगळी माणसं एकदम शिव्या द्यायला लागतील. मला नव्हे, कुंद्याला.

कुंदा हे गवत आहे. ते भारी काळ्या जमिनीतच येतं, हलक्या बरड रानाकडे फिरकत नाही. खानदानी चोर आहे, खात्यापित्या घरातच शिरणार. वरून दिसतं वीत-दीड वीत, पण खाली त्याच्या काश्या, म्हणजे गाठीगाठींच्या जाड मुळ्या, माणसाच्या मांडीइतक्या खोल जातात. आम्हा वऱ्हाडी माणसांचं खरं अवजार वखर. वखर जमिनीची वरची साल खरवडतो. त्यानं कुंद्याची फक्त हजामत होते. चार दिवसांत पुन्हा डोकं वर. ज्या वावरात, म्हणजे शेतात, तो एकदा माजला तिथं ज्वारी नाही, कापूस नाही, आणि मग कास्तकार कपाळाला हात लावून आमच्याकडे येणार.

आमच्याकडे म्हणजे कुंदा खणणाऱ्यांकडे. मी शेलूबाजारजवळच्या एका लहानशा वाडीचा. चार बुकं शिकलो, म्हणून लिहिताना जरा पुस्तकासारखं लिहितो. तोंडानं मात्र आमचीच बोली. मिसरूड फुटायच्या आधीपासून टोळीत होतो, पुढं टोळीचा मुकादम झालो. संपादक म्हणाले, कामाचं काही लिहा. मी म्हटलं, बापा, जमिनीत पहार घालायची आणि गवत उपटायचं, त्यात लिहायचं काय? ते म्हणाले, तेच लिहा. तर घ्या.

काम होळी झाल्यावर सुरू व्हायचं आणि मृगाच्या आत संपवावं लागायचं. पाच-सहा गडी एका ओळीत उभे राहणार, प्रत्येकाच्या हातात अणकुचीदार लोखंडी पहार. मी हाळी दिली की सगळ्यांनी एकदम पहारी रोवायच्या, आणि दुसऱ्या हाळीला सगळ्यांनी मिळून मागं रेलायचं. मग ओसरीच्या पायरीएवढी मातीची ढेप करकरत वर यायची. ती उलटी पाडायची आणि उन्हात तापू द्यायची. उन्हानं काश्या मेल्या की बायका लाकडी मोगऱ्यांनी ढेपा फोडून काश्या वेचायच्या आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करून जाळायच्या. पण एक वळवाची सर आली की मेलेल्या वाटणाऱ्या काश्या पुन्हा हिरव्या! कोणी म्हणेल, यात काय मोठं. त्याला म्हणावं, ये एकदा वैशाखात, पहार नुसती हातात धरून दाखव. तापलेलं लोखंड आहे ते, तळहाताची साल जागेवर ठेवून जातं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. रिसोडकडे एक शेटजी होते, ते छत्री लावून खणणीच्या मागं मागं चालायचे आणि ढेपेतून बोटभर काशी दिसली की म्हणायचे, "मुकादम, हे राह्यली." दिवसभर हेच. शेवटी मी म्हटलं, "शेटजी, तुमी बी वेचून राह्यले, मंग तुमालेबी हजेरीत धरू का?" त्यानंतर ते घरूनच पाहू लागले. दुसरा एक जण म्हणाला, धुऱ्याजवळचा कुंदा तेवढा ठेवा. का, तर तो तिथून शेजाऱ्याच्या वावरात जाईल. असली माणसं जगात आहेत म्हणून आमच्या धंद्याला मरण नव्हतं.

पण लिहायचं आहे ते सरूबाईच्या वावराचं. एवढी वर्षं झाली, तरी ते सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. हसायचं त्यानं हसावं.

सरूबाई आसेगावची. तिचा नवरा मानमोडीच्या साथीत गेला. ती रडत-कढत रिसोडला भावाकडे गेली आणि बरीच वर्षं तिथंच राहिली. इकडे तिचं वावर पडीत पडलं. शेजारीच तिच्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, दौलतरावाचं वावर. दौलतराव पंचक्रोशीतला नावाजलेला कास्तकार होता. त्याच्या वावरात गवताची काडी सापडायची नाही, ताट घासून ठेवावं तसं वावर. भावजयीच्या पडीत वावराचा साराही तोच भरत होता. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणारे त्याला दुष्ट ठरवून मोकळे होतील.

सरूबाई एका वर्षी माघात आसेगावला परत आली आणि म्हणाली, मी माझं वावर वाहणार. तोवर तिथं धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कुंदा. दौलतराव म्हणाला, ते वावर मेलं, आता ते मी माझ्या वावरात घेतो, माझ्या बैलजोड्या आहेत, चार-पाच वर्षांत आणीन ताळ्यावर. तिला माझ्या घरी दोन वेळ भाकर मिळेल. गावातली चार शहाणी माणसं पारावर बसली आणि त्यांनी मधला मार्ग काढला. येत्या मृगाला सगळ्या वावरातून तिफण फिरली, म्हणजे पूर्ण पेरणी झाली, तर वावर सरूबाईचं. नाहीतर ते दौलतरावानं वाहावं आणि तिला जन्मभर पोसावं.

ती आमच्या वाडीवर आली तेव्हा मी पहारीला धार लावून आणली होती. डोक्यावर पदर, पायात धूळ, आणि बसायचं नाव नाही.

"मुकादमभाऊ, वावर खणून द्याचं हाय. मिरगाच्या अंदी. सगळं."

मी ते वावर येता-जाता पाहिलेलं होतं. मी म्हटलं, "बाई, कुंद्यानं खाल्लेलं हाय ते. आता त्याच्यात राह्यलं काय? कायले जिवाले घोर लावून घेता? भासरा भाकर देऊन राह्यला ना?"

"देऊन राह्यले. पण ते मागून खा लागन, भाऊ," ती म्हणाली. "मले माह्या चुलीवरची पायजे, कोरडी असली तरी चालन."

तिच्या भावानं रिसोडहून ज्वारीची पोती दिली होती, त्यावर टोळीच्या भाकरीची सोय होती. मी हो म्हटलं. टोळीतला किसन, आमचा सगळ्यात दांडगा गडी, मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुकादम, बाई पाहून इरघळले काय? हे वावर मिरगापर्यंत होत नाही." मला माहीत होतं. पण तोंडातून गेलेला शब्द गिळता येत नाही.

काम सुरू झालं आणि किसनचं म्हणणं खरं ठरू लागलं. जागोजागी कुंद्याच्या काश्यांनी अशी मिठी मारलेली की दोन ओळींचे गडी एकत्र लावल्याशिवाय ढेप हलेना. उन्हाळा वर चढत होता. अर्धं वावरही उलटलं नव्हतं. दौलतराव रोज सकाळी आपल्या धुऱ्यावर येऊन उभा राहायचा, पाहायचा, आणि जायचा. एकदा मला हाक मारून म्हणाला, "मुकादम, मेलेलं ढोर कितीबी उलटंपालटं करा, ते दूध देते का?" सरूबाई तिथंच काश्या वेचत होती. आमच्याकडे भावजय भासऱ्यासमोर बोलत नाही. तिनं पदर ओढून घेतला, पाठ फिरवली आणि मला म्हणाली, "मुकादमभाऊ, त्यायले सांगा, मेलं का जितं ते मिरगाले पाहू." दौलतराव पाच हातांवर उभा, आणि मी मध्ये पोपटासारखा निरोप सांगतो आहे! तो हसला आणि निघून गेला.

मग ती सकाळ आली.

न खणलेल्या भागात भेगा पडल्या होत्या. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. वासरू चुकून पाय घालतं आणि मोडून घेतं, एवढ्या रुंद. किसननं पहार उचलली, नेम धरला, पण घामानं हात ओले होते. पहार सटकली आणि सरळ भेगेत गेली. खण नाही, आवाज नाही. किसन रिकाम्या मुठी घेऊन उभा.

"गेली," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"पहार. वावरानं गिळली, मुकादम."

"लेका, सकाळीच घेऊन आला काय?" म्हणत मी गेलो, वाकलो आणि भेगेत डोकावलो. काळोख. खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना काही लागेना, पण आत गार वाटलं. वर अंगाची लाही होत होती आणि खाली कोणी माठाचं झाकण काढल्यासारखा गारवा. मी हात पटकन बाहेर काढला, उगाच काही चावेल म्हणून.

पहार म्हणजे गड्याचा उजवा हात. ती काढणं भाग होतं. मग आम्ही भेगेच्या कडेनं खड्डा खणायला लागलो. कमरेइतका झाला, छातीइतका झाला, तेव्हा कुठं पहारीचं वरचं टोक दिसलं. ती आत सरळ उभी होती, देवळात दीपमाळ उभी असते तशी. किसननं ती ओढून काढली आणि गालाला लावली. "अरे बाप्पा!" एवढंच म्हणाला आणि ती माझ्याकडे दिली. लोखंड गार होतं. वैशाखातल्या उन्हात, आमच्या सगळ्या पहारींना हात लावता येत नव्हता, आणि ही विहिरीच्या पाण्यातून काढल्यासारखी. एकेक गडी येऊन हात लावून गेला. बायकाही आल्या.

मी इतकी वर्षं जमीन खणली, पण खणताना माणसाची नजर काशीवर असते, मातीकडे कोण पाहतो? त्या दिवशी पहार काढायची म्हणून खड्ड्याची भिंत सरळ कापली गेली होती. मी आत उतरलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहिलं आणि माझं तोंड बंद झालं. माझी बायको म्हणते, असं आयुष्यात एकदाच झालं.

माती वरपासून माझ्या छातीच्या खालपर्यंत काळी होती. एकसारखी, काजळासारखी. मधे मधे मातीचे तिरपे पापुद्रे सुटले होते, आणि ज्या बाजूनं ते सुटले ती बाजू चकचकीत, कोणी हात फिरवून फिरवून गुळगुळीत केल्यासारखी. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हात आकसते, हे आम्हाला माहीत होतं, आमच्या घरांच्या भिंती त्यानंच तडकतात. पण आत ढेप ढेपेवर वर्षानुवर्षं घासते आणि जमीन आतल्या आत हलते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही तिच्यावर बैल घालून म्हणायचो, आम्ही नांगरतो. ती आमच्या पायाखाली स्वतःच स्वतःला उलटत होती!

आणि भेगा. जुन्या भेगांच्या जागा भिंतीत स्पष्ट दिसत होत्या, कारण त्या भरलेल्या होत्या. गवताचा चुरा, कुजलेली पानं, शेणाचा भुसा, भुंग्यांचे पंख, गोगलगायीचे शंख, एक अख्खी बाभळीची शेंग. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता. कोणत्या निंदणाऱ्या बाईच्या हातातून कधी पडला होता, देव जाणे. कुंद्याच्या केसासारख्या बारीक मुळ्या त्या भेगांतून खाली उतरल्या होत्या आणि त्यांनी माती अशी धरली होती की राजगिऱ्याच्या लाडवासारखे तिचे कण एकमेकांना चिकटलेले. तळाशी, भर वैशाखात, ओल होती. ओलीत गांडूळ होतं.

"मुकादम," किसन वरून म्हणाला, "हे वावर वरून खाते अन् खाली पचवते."

मी त्याला येडा म्हटलं नाही.

सरूबाई खाली उतरली. मी बाहेर आलो, कारण खड्ड्यात दोघांना जागा नव्हती. ती बराच वेळ बसून राहिली. मातीचा खडा फोडला, वास घेतला, भिंतीवर हात ठेवला. वर पाहून म्हणाली, "मले वाटून राह्यलं होतं, माह्यामागं वावर वाऱ्यावर पडलं. हे तर कामालेच लागलेलं होतं, भाऊ." आणि रडायला लागली. आम्ही सगळे गडी उगाच इकडेतिकडे पाहू लागलो.

गावात बातमी गेलीच. संध्याकाळी दौलतराव आला. आज धुऱ्यावर थांबला नाही, सरळ खड्ड्यापाशी आला. सरूबाईनं पदर ओढला आणि तोंड फिरवलं.

"मुकादम, मी उतरून पाहू का, इचार," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला काही विचारलं होतं.

"त्यायले म्हणा," ती पाठमोरी म्हणाली, "वावर त्यायच्या भावाचं हाय, इचारा काय लागते."

तो उतरला. वर आला तेव्हा हातात ओल्या मातीचा गोळा होता. गोळा तसाच घेऊन तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं किसनला बोलावून आपल्या वावराच्या मधोमध तसाच खड्डा खणवला. मीही गेलो, मला राहवलं नाही. वरची वीतभर माती फिकी, पिठासारखी, फुंकलं तर उडणारी. तिच्या खाली जी लागली ती भिंतच. किसनचे हात सोलून निघाले. भेगा इथंही होत्या, सरूबाईच्या वावरापेक्षा रुंद होत्या, पण तळापर्यंत रिकाम्या. दौलतरावानं एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला, चाचपला आणि काढून आमच्यासमोर उघडा केला. काही नव्हतं.

"मी कधी काडी राहू देली नाही," तो म्हणाला. "स्वच्छ ठेवलं. ह्या मातीच्या तोंडातच काही पडू देलं नाही म्या!"

शहरातल्या वाचकांसाठी थोडं उकलून सांगतो. पूर्वी आमच्याकडे ज्वारी, तूर, कापूस असा पालट असायचा. ज्वारी निघाली की गावची ढोरं रानात मोकळी सुटायची, धसकटं खायची, शेण टाकायची. मग कापसाला असा भाव आला की जो तो कापसामागे कापूस, कापसामागे कापूस. कापूस होळीपर्यंत उभा, तोवर ढोरांना रानात मज्जाव. शेवटी पऱ्हाट्याही, म्हणजे कापसाची वाळकी झाडंही, मुळासकट उपटून चुलीत. नाल्याकाठी गावाचं बाभळीचं बन होतं. तेही तोडून लोकांनी वावरं केली, आणि बन गेल्यावर सरपण कुठलं? मग शेणाच्या गोवऱ्या थापल्या. जे शेण वावरात जायचं ते चुलीत जाऊ लागलं. वर्षभर बायका थापतात, आणि तेही कौतुकानं, कोणाची रास किती मोठी म्हणून. सरूबाईच्या वावराला मात्र धनीच नव्हता. गावची सगळी ढोरं तिथं चरायची, तिथंच बसायची, हाकलणार कोण? कुंदा उगवायचा, वाळायचा, भेगेत पडायचा. आम्ही सगळे म्हणत होतो, वावर मेलं.

दौलतराव खड्ड्याच्या काठावर बसला. "बन तोडाले पहिली कुऱ्हाड माही होती, मुकादम," तो म्हणाला. "सरपण गेलं, मंग शेण गेलं. अन् मी धुऱ्यावर उभा राहून भावजयीच्या वावराले हासत होतो." घरून भाकरी आली, ती तशीच राहिली.

इकडे आमची पंचाईत कायमच होती. वावर जिवंत आहे हे कळलं म्हणून काही ते खणून होत नाही. मी खणायची रीत बदलली. ढेपा उलटायच्या, वरच्या जाड काश्या तेवढ्या काढायच्या, पण ढेपा पार भुगा करून आतल्या बारीक मुळ्या हुसकायच्या नाहीत. सरूबाईनं काश्या जाळू दिल्या नाहीत. चांगल्या कडकडीत वाळवून त्या खड्ड्यात टाकायला लावल्या. तरी मृग तोंडावर आला आणि वावराची एक मोठी पट्टी तशीच होती. माझ्या गड्यांची स्वतःची वावरं होती, त्यांना घरचे निरोप येऊ लागले. एके संध्याकाळी मला सरूबाईला सांगावं लागलं की बाई, आता आमच्याच्यानं होत नाही. वेचलेल्या काश्यांचं टोपलं तिनं डोक्यावर घेतलं आणि खड्ड्याकडे गेली.

सकाळी गडी पहारी आवरत होते आणि धुऱ्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दौलतरावाचा मोठा लाकडी नांगर, त्याला एकापुढे एक जुंपलेल्या जोड्या, आणि मागं त्याचे घरचे गडी. त्यानं नांगर सरळ त्या पट्टीत घातला. गावातली माणसं जमा झाली. पारावर बसणाऱ्यांपैकी एक जण म्हणालाच, "दौलतराव, हे काय करून राह्यले? हे वावर तुमच्याच घरात येऊन राह्यलं होतं ना!"

"येऊन राह्यलं होतं," दौलतराव म्हणाला. "मंग मी त्याचंबी तेच केलं असतं, जे माह्याचं केलं. हो बाजूले, बैल बुजतीन."

सरूबाई उभी होती. अख्खं गाव पाहत होतं. तिचा पदर डोक्यावर होता, पण तिनं तोंड फिरवलं नाही.

"मोठेभाऊजी," ती म्हणाली. सरळ त्याला. माझ्या मध्यस्थीशिवाय. बायकांनी तोंडाला हात लावले. "पेरणीले तिफण तुमीच धरा."

दौलतरावानं मान हलवली. त्याच्या गड्यांनी आणि माझ्या गड्यांनी मिळून ती पट्टी उलटली. मृगाला तिफण धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत फिरली, दौलतरावानं धरलेली. सरूबाई मागं ज्वारी सोडत होती. वावर तिचं झालं. त्या वर्षीच्या ज्वारीत बैल शिरला तर शिंगं दिसत नव्हती. कुंदाही मधे मधे उगवला, खोटं कशाला बोलू. ती डवरताना, म्हणजे उभ्या पिकात कोळपताना, तेवढा काढायची आणि म्हणायची, थोडासा राहू द्या त्याले, त्याचंबी घर हाय.

पुढं मी बरीच वर्षं कुंदा खणला. दुसरं येतच काय होतं मला? पण प्रत्येक वावरात आधी एक खड्डा खणून आत उतरायचो. गडी म्हणायचे, मुकादम देवदर्शनाले गेले. म्हणोत. काही ठिकाणी काळंभोर दिसायचं, काही ठिकाणी रिकामं. दरसाल रिकामं जास्त दिसायला लागलं. मालकाला सांगून पाहायचो, एखादं साल पडीत ठेवा, ढोरं बसू द्या. तो म्हणायचा, मुकादम, तुमाले खणाले बोलावलं, पुराण सांगाले नाही. बाभळीची बनं एकामागून एक गेली. त्याची चुटपूट मला अजून आहे.

मग एका उन्हाळ्यात दौलतरावाचा निरोप आला, पहार घेऊन या. तोही म्हातारा झाला होता. गावात लोक त्याला येडा म्हणत होते. त्यानं आपलं मधलं, सगळ्यात चांगलं वावर काही वर्षं पेरलंच नव्हतं, गावच्या ढोरांना मोकळं सोडलं होतं. मी पोचलो तेव्हा तो वावरात उकिडवा बसला होता.

"कुठून सुरू करू?" मी विचारलं.

"खणाले नाही बोलावलं. पहार किती खोल जाते ते पाहा म्हणून म्हटलं होतं. पण राहू दे. हे पाहा."

भेगेच्या कडेला कुंदा उगवला होता. वीतभर, तांबूस देठांचा, ताजा. ज्या माणसाच्या वावरात गवताची काडी सापडायची नाही, तो माणूस त्या कुंद्यावरून लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवत होता. "आला, मुकादम," तो म्हणाला. "आला हो माह्या वावरात!" त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, कुंदा आला म्हणून आनंदानं रडलेला दुसरा कास्तकार मी पाहिलेला नाही.

जवळच वाळलेल्या शेणाचा एक पो पडला होता. त्यानं तो उचलला, दोन्ही हातांत चुरला आणि चिमूट चिमूट करून भेगेत सोडू लागला.

"खाय, माय," तो भेगेला म्हणाला. "खाय. लय दिवस उपाशी ठेवलं तुले."

मी पहार धुऱ्यावर टाकली आणि दुसरा पो शोधायला गेलो.